भिंतीवरचा निळा फुगवटा

नवऱ्याच्या त्या कामाला चित्र म्हणावं की शिल्प, देव जाणे. कॅनव्हास भिंतीपासून हातभर पुढे फुगलेला, आत कोंबलेल्या चिंध्या, वर निळा रंग. उद्या प्रदर्शन, म्हणून मला जवळ फिरकूही देत नव्हता.

तेवढ्यात फुगवट्यातून "म्याँव" ऐकू आलं.

माझी मांजर! सकाळी याने मागून फळी ठोकली तेव्हा ती आत झोपली असणार. दोघांचं उभं वैर. फळी काढायची तर आधी ते धूड भिंतीवरून उतरवायला चार माणसं हवीत. मी रडकुंडीला आले.

याने सरळ सुरी उचलली आणि कॅनव्हास उभा फाडला. चिंध्यांसकट मांजर बाहेर पडली. माझा जीव भांड्यात पडला. हा मात्र तिला छातीशी घट्ट धरून ओरडत होता, "कॅनव्हास दुसरा ताणता येतो. तुला कुठून आणली असती, भवाने?"