चोखबाबाच्या तोंडातली गुठळी

"चोखा, बाबा, चोखा!" सभागृहात दोनशे माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि टेबलावर शिंपी गुरासारखा हंबरत होता. चौघांनी त्याचे हातपाय दाबून धरले होते. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, आणि दुखऱ्या जागेतून 'करणीचं रक्त' चोखून काढणारे चोखबाबा त्याच्यावर मुठीने दणके घालत होते.

"करणीचं रक्त सैल होतंय! हा ओरडत नाही, आतलं पाप ओरडतंय!"

वा रे वा! मार खायचा शिंप्याने आणि ओरडायचं पापाने!

शिंप्याची थोरली बहीण रक्ततपासणीच्या लॅबमधून तशीच धावत आली होती. भावाला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त लवकर गोठतच नाही. वर्षभर त्याच गुडघ्यात पुन्हा पुन्हा रक्त साठत होतं. हॉस्पिटलने उपचारासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती, पण आईला धीर निघाला नाही; तिने त्याला बाबांकडे आणलं.

"आई, थांबव गं! प्रत्येक दणक्याला आत नवं रक्त फुटतंय. मरेल तो!"

"गप बस! तुझ्या सुयांनी काय दिवे लावले?"

बहीण टेबलाकडे झेपावली. एका भक्ताने तिच्या थोबाडीत ठेवून दिली, ओठ फुटला. तेवढ्यात बाबांनी गुडघ्याला तोंड लावलं, चोखलं आणि ताटात पचकन थुंकले. काळीभोर, थुलथुलीत गुठळी! कातडीवर ओरखडासुद्धा नाही. जयजयकाराने छत हादरलं.

गुठळी पाहिली आणि बहिणीचं डोकं फिरलं. रोज शंभर नळ्या हाताळणारी बाई ती.

"अहो, माझ्या भावाचं रक्त नळीत अर्धा तास पातळच राहतं! क्षणात गोठलेली ही गुठळी कुणाची?"

"मंत्राने गोठलं, पोरी."

"मग तोच मंत्र गुडघ्याच्या आत म्हणा की! तिथे गोठलं तर सुटलोच आम्ही!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा दुसऱ्यांदा वाकले, तोच तिने त्यांचा जबडा धरून तोंडात बोटं घातली. बाबा कडकडून चावले. हाडापर्यंत दात गेले, पण बाईने बोट सोडवलं नाही. गालातून एक इवलीशी पिशवी ओढून तिने ताटात आपटली. फट्! आत तसलीच गुठळी.

पुढे बसलेल्या खाटकाने ती उचलून पाहिली. "अरे, हे बोकडाचं आतडं! सकाळी बाबांनी माझ्याकडूनच नेलं, रक्तासकट. कुत्र्याला हवंय म्हणाले!"

झालं! मघाशी जयजयकारात उंचावलेले हात आता बाबांवर पडू लागले. नाक फुटलं, दात पडला.

"त्याला पोलिसांकडे द्या!" बहीण किंचाळली. "आधी माझ्या भावाला उचला! पांढराफटक पडलाय!"

हॉस्पिटलमध्ये आधी रक्त गोठवणाऱ्या घटकाची इंजेक्शनं दिली. प्रकृती सावरल्यावर डॉक्टरांनी मांडीजवळच्या सुईएवढ्या छिद्रातून बारीक नळी धमनीत सरकवली, गुडघ्यापर्यंत नेली आणि पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद केल्या. कापाकापी नाही. आईला पडद्यावर रक्तवाहिन्यांचं आधीचं आणि नंतरचं चित्र दाखवलं.

"आता पाय सरळ होईल ना?" तिने विचारलं.

"रक्तस्राव आटोक्यात येईल, आजी. पण मारामुळे सांध्याचं जे वाटोळं झालं, ते भरून निघणार नाही. पाय थोडा वाकडाच राहील."

आई भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

लोकहो, रक्त कुणाचं, एवढंच तर विचारायचं होतं! दोनशेंत एकीनेच विचारलं, तेही उशिरा. निदान आपलं माणूस टेबलावर असताना तरी आधी विचारा.