सगळ्यांना सारखा वारा

मी टेबलफॅन बोलतोय. खरं तर घरघरतोय. त्यातलं बोलणं तेवढं तुम्ही वेचून घ्या.

तीन पाती, एक जाळी आणि मानेमागे एक खुंटी, एवढाच माझा संसार. खुंटी दाबली की मान फिरते, वर ओढली की थांबते. माझी पहिली मालकीण बाळंतीण होती. तिच्या बाळाला माझ्या घरघरीशिवाय झोप यायची नाही. पुढे बाळ मोठं झालं, त्याला अभ्यासाला शांतता हवी झाली, आणि मी माळ्यावर गेलो. तिथून मला तिच्या बहिणीने आपल्या शिवणखान्यात आणलं. तिथे शाळेचे गणवेश शिवतात आणि बहिणीला सगळ्या ताई म्हणतात.

खोली एक, बायका पाच, खिडकी एक. तीही समोरच्या भिंतीकडे बघणारी. मी आलो आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. मला फार बरं वाटलं. माझ्यावरून याआधी कुणी भांडलं नव्हतं.

"मी इथली सगळ्यात जुनी. माझ्याकडे ठेवा," बाह्या जोडणारी म्हणाली.

"जुनी असशील, पण नग कुणाचे जास्त निघतात?" खिसेवालीने विचारलं.

"मी सगळ्यात जाड आहे," काजवाली म्हणाली. "माझ्याइतका घाम आहे का कुणाला?"

तोडगा काढला कॉलरवालीने. "उगीच वाद कशाला? सगळ्यांना सारखा वारा." तिने गळ्यातली इंचटेप काढली. माझ्या पायापासून प्रत्येक टेबल सात फुटांवर, असा अर्धगोल मांडला. एक टेबल अर्धा इंच पुढे होतं, तेही मागे ढकललं. मग प्रत्येक टेबलाला अस्तराच्या कापडाची पट्टी टाचली आणि माझी खुंटी दाबली. पट्ट्या एकामागून एक, अगदी सारख्या फडफडल्या. टाळ्या पडल्या. मान दुखत होती, पण मी मिरवून घेतलं.

पाचवं टेबल इस्त्रीचं. तिथे मावशी उभ्या असायच्या, वाफेची इस्त्री घेऊन, दिवसभर. उन्हाळा लागला तशा एकदा त्या चड्ड्यांच्या ढिगावरच बसल्या. चक्कर आली होती.

"वारा येतो आणि जातो गं," त्या म्हणाल्या. "वाफ काही जात नाही."

"मावशी, तुमची पट्टी बघा ना," कॉलरवाली म्हणाली. "आमच्याइतकीच हलतेय."

"पट्टीला कुठे घाम येतो?"

कॉलरवालीने टेप काढून अंतर पुन्हा मोजलं, सात फूटच भरलं. मी आपली मान फिरवत राहिलो. मावशींकडून तोंड वळवताना बरं वाटत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. शिवाय खुंटी माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत.

दुसऱ्यांदा चक्कर आली तेव्हा मावशींनी ताईंना सांगितलं, "शनिवारपर्यंत येते. मग नाही जमायचं." नवरा अंथरुणावर, घर त्यांच्या एकटीच्या कामावर. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या खाली मान घालून शिवत राहिल्या.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ताई म्हणाल्या, "सोमवारी चिठ्ठ्या टाकू. जिला जे टेबल येईल, ते तिचं सहा महिने. इस्त्रीचंसुद्धा. पंख्याचं काय करायचं ते मात्र आजच ठरवा. नंतर बदल नाही."

कॉलरवाली उठली आणि सहज गेल्यासारखी इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"काय गं, वाफ मोजतेस काय टेपने?" काजवालीने विचारलं.

"नाही. इथे जरा... कोंदटच आहे की."

दोन मिनिटांत एकमत झालं. पंखा इस्त्रीच्या टेबलाशी, मान न फिरवता.

"मावशींसाठीच म्हणतेय हं मी," कॉलरवाली म्हणाली.

"हो, हो, मावशींसाठीच," बाकीच्या म्हणाल्या.

मावशींनी पदर तोंडाला लावला. वाफेमुळे असेल.

सोमवारी ताईंनी चिठ्ठ्या काढल्याच नाहीत. "तुमच्या हातात इस्त्री देऊन कॉलरी जाळून घेऊ का?"

"मग पंख्याचं?" कॉलरवालीने विचारलं.

"ठरलं ते ठरलं."

मावशी राहिल्या. मी एकाच दिशेला बघतो, त्यामुळे चौघींनी मला 'एकतर्फी मेला' असं नाव पाडलंय. खुंटी गंजलीय, आता दाबली तरी दबायची नाही. माझं काही म्हणणं नाही, फक्त महिन्यातून एकदा पाती पुसा. वाऱ्याबरोबर धूळ वाढायला मला लाज वाटते.

दुपारी अडीचच्या सुमारास कॉलरवाली मावशींकडे येते. कॉलर सरळ बसलीय का, ते तिला बघायचं असतं. रोज. एकच कॉलर ती उलटून पालटून पंधरा मिनिटं बघते. चेहरा माझ्याकडे, डोळे मिटलेले.

मावशी इस्त्री उभी करून ठेवतात आणि जरा बाजूला सरकतात.

"बघ गं," त्या म्हणतात. "सावकाश बघ."