जोडीचा नवस

हौसराव मळ्यातनं एकाच पायात चप्पल घालून घरी आला, तेव्हा त्याची बायको अनसाबाई पोट धरून हसली होती. दुसरी कुठं, तर त्याचा त्यालाच पत्ता नाही. कांद्याला पाणी भरताना ती वाफ्यात रुतून बसली आणि हा गडी तसाच घरापर्यंत चालत आला. त्या हिवाळ्यात असं दोन-तीनदा झालं. केंदूरच्या पारावर चेष्टेला विषय मिळाला, आणि हौसरावही त्या चेष्टेत सगळ्यात पुढं, कारण चेष्टेत हार जाणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पायातली चप्पल निसटलेली माणसाला कळू नये, ह्यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमची माणसं अशीच. बैल लंगडला तर डॉक्टर दारात, आणि घरधनी लंगडला तर म्हणे वय झालं आता.

कळलं ते मानेवरच्या गळवामुळं. गळू काही केल्या भरेना, म्हणून अनसाबाईनं त्याला ओढून शिरूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईनं बोटातलं रक्त काढलं, यंत्राकडं बघितलं आणि मग हौसरावाकडं. शुगर चारशेच्या घरात होती.

"चालायचंच," हौसराव म्हणाला. "शुगर म्हंजी साहेब लोकांचा आजार. आपण साहेब झालो म्हणायचं."

डॉक्टरबाई हसली नाही. तिनं त्याला बाकावर आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "तळव्याला टोचते. कळलं की सांगा." हौसराव डोळे मिटून पडून राहिला. अनसाबाई बघत होती.

"टोचा की," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"टोचून झालं, काका. चार ठिकाणी."

मग तिनं त्या दोघांना समोर बसवून सांगितलं, की गोळ्या चुकवू नका, गोड बंद करा, हे तर सगळेच सांगतात. पण ह्या पायांना आता दुखणं कळत नाही. काटा मोडला तरी कळणार नाही, पोळलं तरी कळणार नाही. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरात सुद्धा नाही. "आणि मावशी, ह्यांचे तळवे रोज तुम्ही बघायचे. ह्यांच्यावर सोडू नका."

अनसाबाईनं मान डोलावली. तिच्या छातीत धडकी भरली होती, पण ती डॉक्टरबाईच्या बोलण्यानं नव्हे. बाहेर बाकड्यावर त्यांच्याच गावचा रोहिदास बसला होता. शुगरपायी त्याची आधी पायाची करंगळी काढली, मग टाच, मग गुडघ्यापर्यंत पाय. जत्रेच्या कुस्त्या मारणारा माणूस, आता पोराच्या खांद्यावर हात ठेवून लघवीला जात होता. अनसाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि नवऱ्याच्या पायांकडं बघितलं, आणि तिथंच तिच्या मनानं ठरवून टाकलं, की काही झालं तरी हे पाय जाता कामा नयेत.

पुढचे महिने घरात सुतक असल्यासारखे गेले. चहातली साखर गेली, दुधात गूळ-चपाती कुस्करून खाणं गेलं. गाव औषधं सांगायला लागलं. कुणी जांभळाच्या बिया दिल्या, कुणी कारल्याचा रस पाजला, कुणी म्हणालं गूळ खा, गुळाला काही होत नाही. लग्नात गेलं की पंगतीत वाढपी ताटावर जिलबी घेऊन उभाच, "एकीनं काय होतंय, पाव्हणं." शेवटी हौसरावानं लग्नाला जाणंच सोडलं. त्याची चेष्टा आटली. ओट्यावर बसून राहायचा. गोळ्या मात्र तो घ्यायचा, कारण त्या हातात ठेवून अनसाबाई गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

तशात पाटसच्या वन्सं आल्या. हौसरावाची थोरली बहीण. ह्या बाईनं सबंध घराण्याचं देवाधर्माचं आपल्या अंगावर घेतलेलं, कुणी सांगितलेलं नसताना. भावाचं वाळलेलं तोंड बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि भावजयीला आत नेलं.

"अनसे, गोळ्यांनी का कुठं जातंय हे? देवीला बोल काहीतरी. आपली भवानी जागती हाय."

अनसाबाईला तेवढाच आधार हवा होता. देव्हाऱ्यापुढं हात जोडून ती बोलली, "आई, ह्यांची साखर उतरू दे, पाय शाबूत राहू दे. नवरात्रात नऊ दिवस आम्ही दोघं जोडीनं अनवाणी राहू." शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. आमच्याकडं निम्मं गाव नवरात्रात पायताण सोडतं. तिची आई सोडायची, आजी सोडायची. देवीला पायासाठी काय द्यायचं, तर पायाचंच काहीतरी द्यायचं.

आणि साखर उतरली. श्रावण सरता सरता डॉक्टरबाईनं यंत्राकडं बघून पहिल्यांदा मान हलवली, "छान, दीडशेवर आली. असंच चालू ठेवा." हौसराव गाडीवर शीळ घालत घरी आला. अनसाबाई मागं बसून नवरात्राला किती दिवस उरले ते मोजत होती. देवीनं तिचा शब्द पाळला होता. आता हिची पाळी होती, आणि कानात डॉक्टरबाईचं एकच वाक्य वाजत होतं, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही.

तिनं पाटसला फोन लावला. "वन्सं, मी एकटीच दोघांच्या वाटचं चालले तर?"

"नवस त्याच्यासाठी, आन् पाय तुझं? देवीला काय फसवतीस?"

मग तिनं हौसरावाला सगळं सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. पण साखर उतरल्यापासून गडी हवेत होता. "नऊ दिवसांनी काय मरतोय व्हय मी? आन् मातीत चालल्यानं उलट शुगर उतरती, मोबाईलवर आलंय. तू बोललीस ना, मग फेडायचं."

"रोज सांजचे पाय बघीन मी तुमचे," ती म्हणाली.

"बघ की. पाय काय पळून चाललेत?"

एकुलती एक लेक नीलम दौंडला होती, नवरा रेल्वेत, रेल्वे कॉलनीत घर. बापाच्या आजारापासून ती रोज व्हिडिओ कॉल लावायची. तिला ह्यातलं काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. फोन आला की हौसराव तो तोंडासमोर उंच धरायचा, पाय दिसू नयेत म्हणून. कट केलेल्या पोरांसारखं त्यांचं ते गुपित चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस दोघांना त्यात मजाही वाटली. पहाटे जोडीनं देवळात जायचं, येताना गार मातीतनं चालायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं असे रोज कधी एकत्र चालले नव्हते. संध्याकाळी ती कोमट पाण्यानं त्याचे पाय धुवायची, तळवा डोळ्यांजवळ घेऊन बोट फिरवायची. पाय स्वच्छ असायचे.

पण नवरात्र म्हणजे झेंडूचे दिवस. दसऱ्याला फूल बाजारात गेलं नाही तर ते शेणाच्या किमतीचं. मजूर सगळ्यांनाच हवे, मिळेना कुणी. मग दोघंच दिवसभर तोडायला, ओणव्यानं, क्रेट भरत. पाचव्या माळेला ती घरी आली ती भिंतीला टेकली आणि तशीच झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. आपण पाय बघितले नाहीत हे तिला आठवलंसुद्धा नाही.

सातव्या माळेला ती पहाटे उठून देवघरात गेली. समईच्या उजेडात घटाजवळच्या फरशीवर लाल ओलं काहीतरी सांडलेलं दिसलं. घटाला पाणी घालताना कुंकवाचं ताट हललं असेल, असं तिला वाटलं. देवीचं कुंकू पायाखाली येऊ देत नाहीत. तिनं ते बोटानं टिपलं आणि कपाळाला लावलं. मग दाराकडं तसाच एक ठिपका दिसला, त्याच्यापुढं आणखी एक, आणि ते ठिपके हौसरावाच्या अंथरुणाकडं गेलेले. तो मघाशीच उठून देवीला नमस्कार करून पुन्हा आडवा झाला होता.

तिनं त्याच्या पायावरचं पांघरूण काढलं. उजव्या टाचेच्या पुढं बाभळीचा काटा आत मोडलेला, भोवती मांस पांढरं पडून फुगलेलं, आणि वास. दोन दिवस घरात, अंगाला, केसांना झेंडूचाच वास होता, त्यात हा कुठं कळणार. हौसराव जागा होऊन तिच्याकडं बघत होता.

"काय झालं? दुखत तर न्हाई काय."

अनसाबाईचा हात कपाळाकडं गेला. कपाळावर ते होतं. पुसावं तर सवाष्णीनं कपाळ कसं पुसायचं, आणि ठेवावं तर ते काय आहे हे आता तिला ठाऊक होतं.

"शिरूरला चला. आत्ता," ती म्हणाली.

"दोनच माळा राहिल्यात. अर्ध्यात सोडायचं? देवीनं साखर उतरवली, तिनं पुन्हा चढवली मग? दसरा होऊ दे, फूल जाऊ दे. सीमोल्लंघनालाच शिरूरला जाऊ."

इथं तिनं त्याचं ऐकायला नको होतं. तिला तो काटा दिसत होता, तो वास येत होता. पण नवस मोडल्यावर काय काय होतं हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि त्या भीतीपुढं डोळ्यांनी दिसणारं मागं पडलं. तिनं सुईनं काटा काढला, हळद-तूप भरलं आणि फडकं बांधलं. हौसराव त्याच पायानं फुलं तोडायला गेला. खंडेनवमीला त्याला थंडी वाजून आली. दोघांनी ठरवलं, ऊन लागलं असेल.

दसऱ्याला नीलम आली. बाप ओट्यावर भिंतीला टेकून, डोळे लाल, काहीबाही बोलत. तिनं त्याच्या हातात आपट्याची पानं दिली, "सोनं घ्या, दादा," म्हणून पाया पडायला वाकली, आणि वाकलेली तशीच राहिली. फडक्याखालून बाहेर आलेली बोटं काळी पडली होती.

"आई," ती म्हणाली, "दादांचे पाय उघडे का हायेत?"

अनसाबाई आपली पावलं लुगड्याआड ओढायला लागली. नीलमनं तिच्या पायांकडं बघितलं. तेही उघडेच. लेकीला सगळं कळलं.

नीलम ज्या गाडीतनं आली होती, त्याच गाडीतनं तिनं बापाला दौंडला नेलं. तिथल्या दवाखान्यात आधी बोटं काढली, मग पाऊल, आणि शेवटी गुडघ्याच्या खाली सगळंच. आतल्या बाकावर स्टेशनातली गाड्यांची घोषणा ऐकू यायची, आणि दरवेळी अनसाबाईला वाटायचं, आपलंच नाव पुकारतायत. तिथल्या डॉक्टरांनी चिडून विचारलं, "शुगर असताना अनवाणी फिरायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"कुणी न्हाई," हौसराव म्हणाला. "माझीच हौस."

अनसाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं तोंड उघडलं, आणि त्यानं पांघरुणाखालून हात काढून नुसता हलवला, गप राहा म्हणून. त्यानंतर त्या विषयावर तो तिला कधी एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला घास गोड लागला असता. तिला त्याच्या न बोलण्याचाच राग यायचा, आणि त्या रागाची लाज वाटायची.

वर्ष सरलं. झेंडू लावला नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाटसच्या वन्सं हजर झाल्या. सकाळी घट बसले. हौसरावाला देव्हाऱ्यापुढं खुर्चीत बसवलं, कुबड्या भिंतीला लावल्या. आरती झाली आणि वन्संनी विषय काढला.

"अनसे, मी गुरवाला विचारलं. गेल्या साली तू त्याच्या पायाला फडकं बांधलंस, तवाच नवस मोडला. पाय झाकला की तू. देवी उगं न्हाई कोपत. दोन माळा राहिल्यात, त्या ह्या साली फेडून टाका. न्हाईतर पुढं काय होईल सांगता येत न्हाई."

अनसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर चेष्टेची खूणही नव्हती. तो घाबरला होता.

"खुर्चीत बसूनच तर ऱ्हायचंय," तो म्हणाला. "फेडू. एक पाय हाय की अजून."

अनसाबाई उठली आणि उंबऱ्याबाहेर गेली. तिथं त्याची चप्पल होती, नीलमनं दौंडहून आणलेली, मऊ तळाची, मागं पट्टा असलेली. दुकानदार एकच देईना म्हणून जोड घ्यावा लागला होता, दुसरी कागदात गुंडाळून कपाटात होती. ती चप्पल हातात घेऊन ती आत आली, देवघराच्या उंबऱ्यातनं, घटापाशी.

"अगं बाई, देवापुढं पायताण आणलंस?" वन्सं मागं सरकल्या.

"देवीला काय सांगायचं ते मी सांगीन, वन्सं. नवस माझा हाय. पाय एकच ऱ्हायलाय."

ती त्याच्यापुढं फरशीवर बसली. पाय मांडीवर घेतला, समई जवळ ओढली, तळवा बोटांच्या बेचक्यांसकट नीट बघितला आणि पदरानं पुसला. मग चप्पल चढवली आणि मागचा पट्टा आवळला.

"घट्ट झाली का?"

हौसरावानं वाकून पायाकडं बघितलं. "काय की. कळत न्हाई."

तिनं पट्ट्याखाली आपलं बोट घालून बघितलं आणि एक भोक सैल केलं. मग हात धुवून ती घटाला पाणी घालायला बसली.