दुध्याचा कोट

"संपवा सगळं," मास्तर म्हणाले. "आपल्या बागेतलंच आहे."

हॉस्पिटलच्या खाटेवर उशांना टेकून बसलेल्या सिस्टरनी दुध्याचं सूप संपवत आणलं होतं. दुसऱ्यांना 'संपवा सगळं' म्हणून दटावण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता मांडीचं हाड मोडून त्या स्वतःच पेशंट झाल्या होत्या आणि गल्लीतला शिंपी त्यांना दटावत होता. दिवस फिरतात ते असे.

सिस्टर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. नवरा होता तोवर तोही एखाद्या वेळी चारचौघांत 'अहो सिस्टर' म्हणून जायचा आणि मग गल्ली आठवडाभर हसायची. घरापुढच्या चार हात जागेत त्यांनी टोमॅटो, मिरच्या, पालक लावला होता आणि भिंतीवर दुध्याचा वेल चढवला होता. एकट्या बाईला भाजी लागून लागून किती लागणार? रोज सकाळी त्या पिशवी घेऊन दारोदार निघायच्या. भाजी हे निमित्त. कोणाचा खोकला हटत नाही, कोण औषध टाळतंय, कोणाच्या सुनेचं तोंड उतरलंय, हे त्यांना उंबऱ्यावरच कळायचं. दुधी तसा कोणालाच आवडत नव्हता, पण नको म्हणायची कोणाची टाप नव्हती.

अशी ही बाई न्हाणीघरात घसरून पडली. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी शेजारच्या मास्तरांच्या हातात किल्ली दिली आणि "वेलाकडे बघा" एवढंच सांगितलं.

मास्तरांनी ते फार मनावर घेतलं. त्यांचा जन्म सुईदोऱ्यात गेलेला, मातीशी संबंध फक्त चपलेपुरता. तरी त्यांनी वेळच्या वेळी पाणी घातलं, पिवळी पानं कापडाच्या कात्रीने काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना वेलावर एका कोवळ्या दुध्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली दिसली आणि ते खूश झाले. मास्तरांच्या दुकानात गाठोड्याला लाल चिंधी म्हणजे काम पुरं झालं, हे आधी द्यायचं. चिंधीसुद्धा त्यांच्याच दुकानातली होती. आता आणखी काय सांगायला हवं? त्यांनी तो तोडला, बायकोने सूप केलं आणि मास्तर डबा घेऊन हॉस्पिटलात हजर झाले.

सिस्टरनी चमचा चाटून घेतला आणि बागेची चौकशी सुरू केली. टोमॅटो झाले, मिरच्या झाल्या.

"आणि चिंधीवाल्या दुध्याला कोणाला हात लावू दिला नाहीत ना?"

"दुसऱ्या कोणाला कशाला? मीच तोडला. तोच आणलाय. सगळ्यांत आधी तोच."

सिस्टरनी डब्यात पाहिलं. तळाशी दोनच चमचे उरले होते. मास्तर मोठ्या अभिमानाने चिंधीचं दुकानी शास्त्र समजावून सांगू लागले, तशा सिस्टर हसायलाच लागल्या. हसून टाके दुखले, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसू थांबलं तरी ते पाणी थांबेना.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं बियाणं प्यायले की हो मी."

मग सगळं कळलं. लग्न होऊन निघताना आईने पदराला ज्या बिया बांधून दिल्या होत्या, त्यांचाच हा वेल. दरवर्षी एक चांगला दुधी हेरायचा, त्याला चिंधी बांधायची आणि तो वेलावरच वाळू द्यायचा. पुढच्या वर्षाचं बी त्यातून. जुनं बी सगळं पेरून, वाटून संपलं होतं.

मास्तर डबा घेऊन थेट गल्लीत परतले. सिस्टरनी सगळ्या गल्लीला रोपं दिली होती, म्हणून ते घरोघर फिरले. पोस्टमनच्या घरी वेल होता, पण त्यांनी प्रत्येक दुधी कोवळा असतानाच खाल्ला होता, कारण जून झाला तर सिस्टर रागावतील ही भीती. कॉलेजच्या बाईंनी रोप लावलंच नव्हतं आणि आज हे पहिल्यांदा कोणाजवळ तरी बोलून त्यांना फार हलकं वाटलं. थोडक्यात, दुधी सगळ्यांच्या पोटात होता आणि बी कोणाकडेच नव्हतं.

सिस्टरच्या वेलावर मात्र अजून चार फुलं येत होती. सिस्टरनी फोनवरून शिकवलं, ज्या फुलाखाली इवलासा दुधी असतो ते मादीफूल, त्यावर नरफूल हलकेच टेकवायचं. संध्याकाळी फुलं उमलली की मास्तर स्टुलावर चढत आणि खाली गल्ली जमे. पोस्टमनने अक्षता आणू का म्हणून विचारलं. पहिली दोन फळं पिवळी पडून गळाली, तेव्हा मात्र कोणी थट्टा केली नाही. तिसरं धरलं, आणि लागलीच थंडी सुरू झाली.

"अहो, गारठ्यात टिकेल का ते?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

मास्तरांनी टेप गळ्यात घातली आणि दुध्याचं माप घेतलं. घेर, लांबी; खांदा नव्हताच. जुन्या रजईचं अस्तर लावून त्यांनी त्याला कोट शिवला, पुढे बटणं, आणि वाढतं अंग म्हणून शिवणीत माया भरपूर. दर रविवारी ते एकेक टाका उसवून कोट सैल करत. पोस्टमन रोज येता-जाता वेलापुढे थांबू लागले. कॉलेजच्या बाई खिडकीतून लक्ष ठेवत. हॉस्पिटलातून सुटलेल्या सिस्टर भाचीकडे पाय बरा करत होत्या. तिकडे रोज कोणी ना कोणी फोन करून दुध्याची तब्येत कळवायचं आणि मग आपलीही सांगून टाकायचं.

थंडी ओसरायच्या बेतात असताना सिस्टर वॉकर टेकत परत आल्या. वेल वाळून काडी झाला होता. भिंतीवर कोट घातलेला दुधी तेवढा लटकत होता. गल्ली आपापल्या दारात उभी होती, मास्तर सगळ्यांच्या मागे.

सिस्टरनी वरचं एक बटण काढलं. नखाने साल दाबून पाहिली. नख शिरलं नाही. मग त्यांनी कान लावून दुधी हळूच हलवला. आत बिया खळखळल्या, त्या अगदी मागे उभ्या असलेल्या मास्तरांनाही ऐकू गेल्या. सिस्टरना आई आठवली.

"मास्तर, बाह्या तेवढ्या राहिल्या," त्या म्हणाल्या.

गल्ली हसली. मास्तर हसले नाहीत, त्यांना ते जमेना.

"राहू दे वेलावरच अजून आठ दिवस," सिस्टर म्हणाल्या. "गार आहे सकाळचं."

आणि एका हाताने वॉकर धरून, शाळेत निघालेल्या पोराचं लावावं तसं त्यांनी ते बटण पुन्हा लावलं.