बदली डॉक्टर

ट्रक बाराला सुटणार होता आणि कार्यमुक्तीच्या कागदावर कर्नलची सही तेवढी राहिली होती. सव्वाअकरा झाले. डॉक्टरीणबाई कर्नलच्या खोलीबाहेर बाकावर बसून होत्या.

सरकारने त्यांना एका वर्षासाठी मित्रराष्ट्राच्या फौजेकडे उसनं दिलं होतं. त्या वर्षाची पावणेदोन वर्षं झाली. विचारलं की ठरलेलं उत्तर: बदली सर्जन आला की जा. आज सकाळी तो एकदाचा आला होता.

तोच आता शेजारी येऊन टेकला. चाळिशीचा, टक्कल पडलेला गृहस्थ. इकडेतिकडे बघत पुटपुटला, "बाई, मी दातांचा डॉक्टर आहे."

"काय?"

"कारकुनाने नाव चुकून सर्जनांच्या यादीत घातलं. मी ब्र काढला नाही. माझी नेमणूक पुढच्या छावणीत व्हायची होती, तिथे रोज तोफगोळे पडतात हो! तुम्हीही बोलू नका. तुम्ही घरी जाल, मी जगेन."

"पोट कधी उघडलंय?"

"कॉलेजात. मेलेल्याचं."

बाईंना घरचं पत्र आठवलं. नवऱ्याने मागच्या पत्रात लिहिलं होतं, लेक हल्ली तुझ्याबद्दल विचारत नाही.

आतून हाक आली. कर्नलने बघता बघता सही ठोकली. "सुटलात बाई! नवा माणूस बरा आहे ना?"

कागद हातात होता. नुसतं 'हो' म्हटलं की झालं.

"साहेब, तो सर्जन नाही. दातांचा डॉक्टर आहे."

कर्नल उसळला, "अहो, मग सही होईपर्यंत गप्प का बसलात?"

"धीर होत नव्हता. वॉर्डात नऊ जण आहेत, साहेब. एकाचा पाय आज दुपारीच कापावा लागेल."

कर्नलने कागद ओढून घेतला आणि खणात टाकला. "आणि त्या लबाडाला पहिल्या गाडीने परत धाडतो!"

"नको. माझ्या हाताखाली द्या. मला माणूस कमीच आहे."

हात धुताना ट्रक निघाल्याचा आवाज आला. बाईंनी मान वर केली नाही. समोर दंतवैद्य चेहरा पाडून उभा होता. आठवडाभर तो कामापुरतंच बोलला. पण इवल्याशा तोंडात काम केलेली बोटं ती. रक्तवाहिनी अशी सफाईने बांधायचा की बाईही बघत राहायच्या.

खरा सर्जन एकोणिसाव्या दिवशी आला. कर्नलने खणातून तोच कागद काढला, तारीख बदलली. बाईंची ट्रंक दंतवैद्यानेच ट्रकमध्ये चढवली. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाला.

घरी पाच वर्षांच्या लेकीने दार उघडलं. चांगली वीतभर उंच झाली होती. गणवेशाकडे बघत म्हणाली, "बाबा आंघोळ करतायत. तुम्ही बसा ना."

तुम्ही! बाई परक्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "तुझं नाव मीच ठेवलंय," त्या हळूच म्हणाल्या.

पोर दाराला धरून उभी राहिली. आत गेली नाही.