‘सर’ आणि ‘ट’

मी एक जुनी पेटी आहे. माणसाच्या नजरेला रंगारंगांतला बारीक फरक कळतो की नाही, हे तपासण्याचे माझे काम. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असण्याची शक्यता कमीच. मी दुकानात मिळत नाही, दिवाणखान्यात शोभत नाही, आणि माझ्याशी खेळायला बसलात तर पाच मिनिटांत कंटाळून उठाल. तरी माझी हकीकत शेवटपर्यंत ऐका. कीव मात्र करू नका. माझ्यामुळे एका भल्या माणसाचा श्वास निम्मा झाला आहे.

एका सुताराने मला जड, पिकल्या लाकडातून घडवले. चार लांबट कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्यात एकवीस चपट्या, गोल सोंगट्या बसवल्या. पण नुसत्या लाकडाला कोण विचारतो? माझ्यात जीव ओतला तो रंग कालवणाऱ्या एका बाईंनी. त्या फक्त सकाळी दहा ते दुपारी दोन काम करत. ढग आले की ब्रश धुऊन ठेवत. पहिल्या कप्प्यात लालापासून पिवळ्यापर्यंत, दुसऱ्यात पिवळ्यापासून हिरव्यातून निळ्यापर्यंत, तिसऱ्यात निळ्यापासून जांभळ्यापर्यंत, चौथ्यात जांभळ्यापासून पुन्हा लालापर्यंत. एका सोंगटीहून शेजारची सोंगटी केसाएवढी वेगळी. सुताराने कौतुकाने एक उचलली तर बाई कडाडल्या, “बोटं लावू नका! घाम लागला की रंग मरतो!” मग त्यांनी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिले : सोंगट्या हातमोजे घालूनच उचलाव्यात.

ते वाक्य आजही तिथे आहे. सगळे ते वाचतात आणि सोडून देतात.

माझी परीक्षा सोपी दिसते. कप्प्यातल्या टोकाच्या दोन सोंगट्या जागेवर पक्क्या असतात. मधल्या एकोणीस बाहेर काढून कालवायच्या आणि समोरच्या माणसाने त्या रंगाच्या चढत्या क्रमाने लावायच्या. मग सोंगट्या उलट्या करायच्या. प्रत्येकीच्या पोटावर आकडा आहे. आकडे ओळीने आले तर नजर शाबूत, पुढेमागे झाले तर नजरेत खोट.

मी एका रसायनांच्या कारखान्याच्या दवाखान्यात आले. तिथे मोठमोठ्या टाक्या होत्या आणि त्या आत उतरून साफ कराव्या लागत. आत विषारी वायू साचलेला असे, म्हणून माणसे तोंडाला मास्क लावून उतरत. मास्कला पुढे एक डबी, डबीत वायू शोषणारे खडे, आणि खडे दिसावेत म्हणून एवढीशी काच. खडे नवे असले की निळे असत. वापरून वापरून ते निळसर होत. तोवर ठीक. पण निळसरचे जांभळट झाले की डबी मेली. ती लावून उतरणे म्हणजे उघड्या तोंडाने उतरणे.

या डब्या पारखायला एक माणूस होता. माझे कपाट त्याच्या खिडकीला लागूनच होते, मध्ये फक्त एक पातळ लाकडी आडभिंत. सगळे त्याला नजरकाका म्हणत. टाकीत उतरणारा प्रत्येकजण आपली डबी त्याच्यापुढे धरी. काका काचेत बघत आणि शब्दाचे नुसते शेपूट बोलत. खडे निळसर असले की ‘सर’. जांभळट असले की ‘ट’. आपल्या भाषेची गंमत बघा, पिवळसर म्हटले की रंग बरा वाटतो, पिवळट म्हटले की नाक मुरडावेसे वाटते. काकांनी त्या शेपटांवरच सगळा कारभार चालवला होता.

“सर!” काका म्हणत.

“काका, जन्मात मला कुणी एवढा मान दिला नव्हता,” एखादा खिदळे.

“मान नाही रे, पुढे सर म्हणतोय. मागचे खोळंबलेत!”

खिडकीपाशी रोज असा हशा पिके. दरवर्षी काका माझ्यासमोर बसत आणि चारही कप्पे एका फटक्यात बिनचूक लावत. दवाखान्यातले डॉक्टर बदलले, पण काकांच्या कागदावरचा शेरा बदलला नाही : नजर उत्तम. मला त्याचा फार अभिमान वाटे. परीक्षा घेणाऱ्यालाही आपला एखादा लाडका विद्यार्थी असतोच की.

काकांची बायको लवकर गेली होती. एकुलत्या एका लेकीला त्यांनी एकट्याने वाढवले. ती शिकून परिचारिका झाली, आमच्याच दवाखान्यात लागली आणि माझी किल्ली तिच्या टेबलाच्या खणात आली. तिने लग्न केले तेही टाक्या साफ करणाऱ्यांतल्या एका हसऱ्या, धिप्पाड गड्याशी. आता काका आपल्या जावयाचीही डबी पारखत. “जावईबापू, आज घरी जेवायला या,” असे सांगून ‘सर’ म्हणत.

इथवर सगळे सुखाचे होते. इथून पुढचे सांगताना माझे जोड कुरकुरतात.

एका वर्षी परीक्षेच्या आठवडाभर आधी, लेक जेवायला गेली असताना, काका दवाखान्यात आले. त्यांनी खणातून किल्ली घेतली, मला उघडले आणि तिसरा कप्पा स्वतःच लावून पाहिला. उलटा करून आकडे वाचले. चार सोंगट्या चुकल्या होत्या. त्यांनी पुन्हा लावला. सहा चुकल्या. ते खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला, परत आले. “उजेडच पूर्वीसारखा राहिला नाही,” असे पुटपुटले. उजेड होता तसाच होता, मित्रांनो. मला माहीत आहे ना, मी त्यातच बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते त्याच वेळी आले. खिशातून सुई काढली. पोटावरचे आकडे बघत तिसऱ्या कप्प्यातली पहिली सुटी सोंगटी उचलून तिच्या लाकडी कडेला एक टोचा मारला. दुसरीला दोन. तिसरीला तीन. पाचानंतर एक आडवी रेघ, मग रेघ आणि एक, रेघ आणि दोन. टोचे इतके बारीक की डोळ्याला दिसू नयेत, पण अंगठ्याला लागावेत. त्यांनी एकोणीसच्या एकोणीस टोचल्या आणि मला मऊ फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवले. मी चोर पाहिले नाहीत, पण त्या दिवशी मला चोरीचा माल झाल्यासारखे वाटले.

परीक्षेला लेकच समोर होती. तिने पांढरे हातमोजे पुढे केले.

“बाबा, हातमोजे.”

“काय गं, तुझी आई गेल्यावर याच हातांनी तुझ्या वेण्या घातल्या. ते हात आता घाणेरडे झाले होय?”

ती हसली. “तुमच्यापुढे कोण बोलणार!” म्हणाली आणि हातमोजे खणात टाकले. बस, एवढीच चूक. बापाचा मान राखला म्हणून कुणाला बोल लावता येत नाही, आणि म्हणूनच अशी चूक कुणाच्या लक्षात येत नाही. काकांचा अंगठा सोंगट्यांच्या कडेवरून फिरत राहिला. त्यांची नजर मात्र समोरच्या भिंतीवर होती. कप्पा बिनचूक लागला. कागदावर शेरा पडला : नजर उत्तम.

मी सगळे पाहिले आणि गप्प बसले.

खिडकीवर काकांचे कसे चालत होते? डब्यांना तर टोचे नव्हते. ते एक नवाच प्रश्न विचारू लागले होते. “कितवी फेरी रे ही?” पहिली-दुसरी म्हटले की ‘सर’. चौथी-पाचवी म्हटले की ‘ट’. मधल्या फेरीला ते काचेत उगाच जास्त वेळ बघत आणि अंदाजाने ठोकून देत. माणसांना वाटे, काकांचा जीव आहे आपल्यावर, वयोमानाने बोलके झालेत. आडभिंतीपलीकडून मी रोज ते ऐकत होते. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. पण देवाने टाक्या राखायचे कबूल केल्याचे कुठे वाचनात नाही.

असे दोन वर्षे चालले. मग ती सकाळ उजाडली.

“कितवी फेरी, जावईबापू?”

“दुसरीच.”

जावई खोटे बोलला नव्हता. त्याची ती दुसरीच फेरी होती. पण आदल्या पाळीत दुसऱ्या एकाने घाईत स्वतःची डबी समजून त्याची डबी नेली होती, आणि टाकीत तीन तास वापरून परत खुंटीला अडकवली होती. काचेमागचे खडे जांभळट पडले होते. बघणाऱ्याला ते ओरडून सांगत होते.

“सर!” काका म्हणाले.

अर्ध्या तासाने भोंगा झाला. लेक दवाखान्यातून धावत सुटली. जावयाला दोरीने वर ओढून काढले तेव्हा तो जिवंत होता. तो वाचला, पण फुप्फुसे करपून गेली. दोन पायऱ्या चढला की तिसऱ्या पायरीवर त्याला बसावे लागे.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. ती माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलाभोवती. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने काकांचे सगळे कागद पाहिले. नजर उत्तम, नजर उत्तम, नजर उत्तम. त्याने कागद मिटले आणि तो जावयाकडे वळला.

“पारख करणाऱ्यात दोष दिसत नाही. तुम्हीच आत मास्क सैल केला असणार. गरम होत असेल.”

“नाही... साहेब,” जावई म्हणाला. दोन शब्दांसाठी त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

“तसं लिहावं लागेल. म्हणजे औषधपाण्याची जबाबदारी कारखान्याची नाही.”

मला वाटले, आता काका बोलतील. आत्ता बोलतील. काका खुर्चीत अवघडून बसले होते. ते जावयाकडे वळून कसेबसे म्हणाले, “पण आता पुष्कळ बरे दिसताय हं. चेहऱ्यावर चांगला रंग आलाय.”

लेकीने मान वर केली. ती बापाकडे बघत राहिली.

“बाबा, त्यांचे ओठ बघा.”

“काय झालं ओठांना?”

“नीट बघा.”

काका पुढे वाकले. डोळे बारीक केले. बराच वेळ बघितले. “ठीक तर आहेत,” ते म्हणाले.

“ट, बाबा,” ती म्हणाली. “पंधरा दिवस झाले. ट आहेत.”

एवढ्या माणसांत तिने आवाज चढवला नाही, तरी काका मारल्यासारखे मागे सरकले. मग ते उठले. मला वाटले खोलीतून जातात. पण त्यांनी स्वतःच्या हाताने लेकीच्या टेबलाचा खण उघडला, पांढरे हातमोजे काढले आणि हातात चढवले. मला उघडून तिसरा कप्पा तिच्यापुढे ठेवला.

“कालव,” ते म्हणाले. “आणि साहेब, तुम्ही जवळ येऊन बघा.”

तिने सोंगट्या कालवल्या. काका लावू लागले. कापडाआडून अंगठ्याला काहीच लागेना. एक उचलत, ठेवत, दुसरी उचलत. निळीशेजारी जांभळी गेली, जांभळीनंतर पुन्हा निळी. समोरचा अधिकारी पाहत होता, जावई पाहत होता. मी इतकी वर्षे तो कप्पा पाहते आहे, इतका वाकडातिकडा लागलेला मी कधी पाहिला नव्हता आणि मला त्यांचा इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. शेवटची सोंगटी ठेवून त्यांनी हातमोजे काढले आणि एक सोंगटी लेकीच्या उघड्या बोटात दिली.

“कडेवरून अंगठा फिरव.”

तिने फिरवला. तिचा चेहरा पांढरा पडला. पांढऱ्यात ‘सर’ आणि ‘ट’ दोन्ही असतात, मित्रांनो. तो पांढराफटक होता.

जावयावरचा ठपका पुसला गेला. काकांची नोकरी गेली. पुढे डॉक्टरांनी तपासले तेव्हा कळले की काकांना मोतीबिंदू होता. तासाभराचे काम, दोन्ही डोळे लख्ख झाले असते. भीतीपोटी त्यांनी कुणाला सांगितलेच नव्हते. शस्त्रक्रियेनंतर ते एकदा मला बघायला आले. तिसऱ्या कप्प्याकडे पाहून म्हणाले, “एवढा फरक होता?” आणि तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून रडले. लेकीने मला दोरी बांधली, दोरीला चिठ्ठी अडकवली, ‘वापरू नये’, आणि मला माळ्यावर टाकून ती नोकरी सोडून गेली. “हातमोजे मीच खणात टाकले,” एवढेच ती जाताना बोलली.

माळ्यावर मी किती वर्षे होते, ते मोजले नाही. उंदरांनी दोरी कुरतडली. चिठ्ठी केरात गेली. मागल्या महिन्यात आलेल्या नव्या डॉक्टरांना मी सापडले. “वा, काय कारागिरी आहे!” म्हणत त्यांनी मला पुसले आणि टेबलावर ठेवले. खूप दिवसांनी झालेले कौतुक होते, पण माझे लाकूड शहारले.

मित्रांनो, वस्तू जपा असे सगळेच सांगतात. मी जरा वेगळे सांगते. जी वस्तू तुम्हाला तपासते, तिलाही अधूनमधून तपासा. डोळे अंधारले तर लाजू नका, सांगा. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांच्या हातात हातमोजे आधी द्या.

आज सकाळी डब्या पारखण्याच्या जागेसाठी एक माणूस परीक्षेला बसला आहे. त्याला नोकरीची फार गरज आहे, हे त्याच्या घामेजल्या कपाळावरून कळते. बाहेर टाकीवाले पहिल्या पाळीसाठी रांग लावून उभे आहेत. डॉक्टरांनी झाकणावरचे वाक्य वाचले आणि म्हणाले, “असू द्या, हात स्वच्छच आहेत तुमचे.” पहिले दोन कप्पे त्याने लावले. तिसऱ्याशी तो अडला आहे. दोन सोंगट्या हातात घेऊन कधीचा बघतो आहे, निळी कुठली आणि जांभळी कुठली.

आत्ता त्याचा अंगठा एका कडेवर थांबला. त्याने दुसरी सोंगटी उचलली, तिची कड चाचपली. मग तिसरीची. त्याने हळूच डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर कागदावर तारीख लिहीत आहेत. त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली आणि तो भराभर लावू लागला.

मी लाकूड आहे. ‘ट’ म्हणायला मला तोंड नाही.