कोऱ्या पट्टीवरची परीक्षा

माझ्या कळांवर एकही अक्षर नाही, मित्रांनो, तरी भर सभागृहातली भाषणे मी टिपली आहेत. मी लघुलेखनाचे एक जुने यंत्र आहे. चार-पाच कळा एकदम दाबल्या की एक उच्चार कागदी पट्टीवर उमटतो आणि पट्टी पुढे सरकते.

माझा जन्म परदेशातला. मुंबईच्या जुन्या बाजारातून मला कारधा गावी आणले ते आनंदरावांनी. ते विधानमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात बोललेला शब्दन्‌शब्द लिहून घेणे हे त्यांचे काम. त्यांची पुतणी लीला हिलाही तेच व्हायचे होते. पण सायकलवरून पडून तिचा उजवा अंगठा आखडला आणि पेन्सिल धरवेनाशी झाली.

"धरता नाई येत, पण दाबता येते ना?" आनंदराव म्हणाले. "मंग बस इथं."

कोणत्या कळांनी कोणता मराठी उच्चार घ्यायचा, हे दोघांनी बसून ठरवले. शेजारच्या मंगलाबाई दारातून विचारत, "काहो आनंदराव, पोरीले भजनात धाडून राहिले का? पेटी तं वाजूनच नाई राहिली!"

आनंदरावांनी त्यांनाच कामाला लावले. ते मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवरची सभागृहातली जुनी चर्चा मोठ्याने वाचत आणि मंगलाबाई विरोधी पक्ष होऊन मध्येच ओरडत, "तलाव राहू द्या, पाणी दाखवा आधी!" लीलाचा हात अडखळे.

"तिथं तुह्यासाठी कोणी थांबत नाई, बेटा," आनंदराव बजावत. "मंधात कोणी बोललं, तेही घ्याचं."

१९७८ च्या थंडीत, हिवाळी अधिवेशनासाठी तात्पुरते प्रतिवेदक निवडायला नागपूरला परीक्षा झाली. बसच्या धक्क्यांनी माझी शाईची रिबन निसटली होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मजकूर सांगणे सुरू झाले आणि माझ्यातून पांढरी पट्टी बाहेर येऊ लागली. परीक्षक जवळ आले.

"बाई, पट्टी कोरी आहे. थांबा आता."

लीलाने मान वर केली नाही. तिची बोटे चालूच राहिली.

वाचायची वेळ आली तेव्हा ती पट्टी घेऊन खिडकीपाशी गेली आणि तिने ती उजेडात तिरकी धरली. शाई नव्हती, पण माझ्या ठशांनी कागदात खळगे पाडले होते. तिने सारे भाषण न अडखळता वाचले आणि मध्येच, त्याच आवाजात, "बाई, पट्टी कोरी आहे. थांबा आता."

"हेही घेतलंत?" परीक्षकांनी विचारले.

"मंधात कोणी बोललं तं घ्यावंच लागते, साहेब."

त्याच हिवाळ्यात लीला आणि मी सभागृहात बसलो, आणि पुढचे बरेच हिवाळे बसलो. ऐंशीच्या दशकाअखेर माझ्या जागी ध्वनिमुद्रण यंत्र आले. मी कारध्याच्या कपाटात परतले. काही वर्षे धूळ खाल्ली, कळा जाम झाल्या. मग एका दिवाळीला लीलाबाईंनी मला बाहेर काढले, तेल दिले, एकेक कळ दाबून मोकळी केली. आता दर दिवाळीला तसेच करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे यंत्र मुके पडले असेल. त्याची धूळ पुसा, त्याला तेल द्या. आणि तरीही ते कोरेच वाटले, तर भंगारात देण्याआधी एकदा खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरके धरून पाहा.